सोलापुरात घरी फिशटँक ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूरमधल्या आमच्या हॉलमध्ये बारा-तेरा वर्षांपासून माशांची टाकी आहे. त्यामुळे जिन्यात, लग्नात, अगदी दवाखान्याच्या रांगेतसुद्धा लोक मला माशांबद्दल विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. इंटरनेटवर माहितीचा तुटवडा नाही, पण ती बरीचशी थंड मुलखातल्या लोकांनी लिहिलेली. त्यांची पहिली चिंता पाणी गरम कसं करायचं ही असते. आपली चिंता बरोब्बर उलटी.

पहिली टाकी केवढी घ्यावी?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. याहून लहान नको. काठोकाठ भरली तर ती ५४ लिटरची होते. वरचा काठ आणि खाली खडे सोडले की प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहतं. लहान टाकी सांभाळायला सोपी, असं सगळ्यांना वाटतं आणि तिथेच फसगत होते. दहा लिटरच्या भांड्यात एक मासा मेला किंवा चिमूटभर खाणं जास्त पडलं तर संध्याकाळपर्यंत पाणी नासतं. ४५ लिटरमध्ये तीच चूक पचून जाते. गोल काचेचा बाऊल तर घेऊच नका, त्यात मोगऱ्याची फुलं तरंगत ठेवा.

तयार टाकी घ्यावी की काचवाल्याकडून करून घ्यावी?

करून घेतलेली स्वस्त पडते आणि मापात मिळते. एक फूट उंचीला ५ मिलिमीटर काच पुरते. उंची दीड फूट केली तर मात्र ८ मिलिमीटर घ्या, तिथे काटकसर नको. सिलिकॉन साधं हवं, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन माशांना घातक असतं. टाकी घरी आणली की आधी अंगणात किंवा गच्चीवर सावलीत, सपाट जागी भरून दोन दिवस ठेवा. गळायची असेल तर तिथेच गळू दे, हॉलमधल्या फरशीवर नको.

ठेवायची कुठे?

भरलेली टाकी काच आणि खडे धरून साठ-पासष्ट किलोची होते. टीव्हीच्या प्लायवूडच्या कपाटावर एवढं वजन वर्षानुवर्षं टाकलं तर फळी वाकते, आणि फळी वाकली की काच तडकते. लोखंडी स्टँड बरा. टाकीखाली अर्धा इंच थर्माकोल घाला. आमच्या एका पाहुण्यांनी थर्माकोलऐवजी घडी घातलेली सोलापुरी चादर घातली होती. ती ओल धरून कुबट वास मारायला लागली, आणि चादरीची घडी काही सगळीकडे सारखी बसत नाही.

उन्हाची तिरीप नको. पश्चिमेची भिंत तर मुळीच नको, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहत असाल तर घरातली सगळ्यात थंड खोली शोधा आणि टाकी तिथे ठेवा, मग ती हॉलमध्ये दिसो वा न दिसो.

पाणी कोणतं वापरायचं? बोअरचं की नळाचं?

मासे निवडण्याआधी या प्रश्नाचं उत्तर घ्या. आपल्याकडे सगळे उलट करतात: आवडले म्हणून मासे आणतात आणि मग पाण्याशी झगडत बसतात.

तुमच्या घरचं बोअरचं पाणी जड आहे का, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लावते, नळाच्या तोंडाशी पांढरं किटण बसतं, म्हणजे पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर आहेत. घरोघरी फिल्टरवाले जो टीडीएस मीटर बुडवून दाखवतात, तो फक्त एकूण विरघळलेले क्षार सांगतो, जडपणा वेगळा सांगत नाही. पण अंदाज यायला पुरतो.

जड पाणी वाईट नसतं. ते काही माशांना मानवतं, काहींना नाही, एवढंच. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल या जिवंत पिल्लं देणाऱ्या मंडळींना जड पाणीच आवडतं. निऑन टेट्रा आणि डिस्कस मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ पाण्यातले. त्यांना आपल्या बोअरच्या पाण्यात सोडणं म्हणजे कोकणातल्या माणसाला मे महिन्यात सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभं करणं.

बोअरचं ताजं पाणी थेट टाकीत ओतू नका. जमिनीखालून येताना त्यात प्राणवायू कमी असतो. रात्रभर बादलीत उघडं ठेवा, शक्यतो हवेचा पंप लावून.

नळाला रोज पाणी येत नाही. मग पाणी बदलायचं कसं?

माशांच्या बाबतीत आपली ही अडचण थोडी पथ्यावरच पडते. उजनी धरणाचं पाणी नळाला येताना त्यात क्लोरीन असतं. ते माशांचे कल्ले जाळतं आणि फिल्टरमधले जीवाणू मारतं. पण आपण पाणी आलं की पिंपं, बॅरल, हौद सगळं भरून ठेवतोच. उघड्या पिंपात एक-दोन दिवस राहिलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं. झाकण घट्ट लावलेल्या सिंटेक्समध्ये मात्र ते तसं लवकर उडत नाही. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीन मिळतं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. बाटलीवर लिहिलेल्या मापानेच टाका.

आठवड्याला पाव टाकी बदलायची, म्हणजे एक बादली. पाणीटंचाईत तेवढंही जड वाटतं, हे मला कळतं. पण ते पाणी वाया जात नाही. आमच्या कढीपत्त्याला गेली कित्येक वर्षं दुसरं खत नाही.

पिण्याचं आरओचं पाणी चालेल?

नुसतं नको, त्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत. फार जड बोअरच्या पाण्यात अर्धं मिसळलं तर चांगलं. आरओच्या दुसऱ्या नळीतून जे टाकाऊ पाणी येतं, ते अजिबात नको, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज बोटभर उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. ती तूट रोज बोअरच्या पाण्याने भरत राहिलात तर दोन महिन्यांत टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड होतं. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला. काचेवर उठलेली पांढरी रेघ लिंबाच्या फोडीने निघते, पण टाकी रिकामी असतानाच.

कोणता फिल्टर घ्यावा? नुसतं ऑक्सिजन मशीन पुरेल ना?

दुकानदार ज्याला ऑक्सिजन मशीन म्हणतात तो साधा हवेचा पंप. तो ऑक्सिजन तयार करत नाही. बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात आणि पृष्ठभागावर हवा मिसळते. घाण मात्र जागच्या जागी राहते.

पण त्याच पंपाच्या नळीला स्पंज फिल्टर जोडला की काम झालं. दोन फुटी टाकीला माझी पहिली पसंती हीच. स्वस्त, बिघडायला काही नाही, पिल्लं ओढली जात नाहीत, आणि लाईट गेल्यावर बॅटरीच्या पंपावरही चालतो. दिसायला गचाळ, हे कबूल. मागे झाड लावून लपवा.

पाणी काचेसारखं स्वच्छ हवं असेल तर काठाला टांगायचा किंवा वरच्या पेटीचा मोटरवाला फिल्टर घ्या. मोटरवर ताशी किती लिटर ते लिहिलेलं असतं. टाकीच्या चार-पाच पट धरा, म्हणजे आपल्याला ताशी दोनशे लिटरच्या आसपास. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर चार फुटी टाकीसाठी, इथे तो म्हणजे डासाला तोफ.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. खाली ठेवलात तर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. वायरीला प्लगपाशी एक झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली टपकतो.

उन्हाळ्यात काय करायचं?

बाहेर ४२-४३ अंश असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीत टाकीचं पाणी सहज ३३-३४ ला जातं. नुसत्या उष्णतेपेक्षा प्राणवायूची कमतरता माशांना जास्त छळते. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. २० अंशांना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३५ ला ७ पेक्षा कमी. आणि उकाड्यात माशांना लागतो मात्र जास्त.

उपाय आपल्या माठात आहे. टाकीवरचं झाकण काढा, वर बारीक जाळी ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावा. कॉम्प्युटरमधला जुना पंखा अडॅप्टरवर लावलात तरी चालतो. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हीच युक्ती निम्मीसुद्धा लागू पडत नाही. वळवाच्या पावसाआधी हवा कोंदट झाली की इथेही तिचा असर कमी होतो, तेव्हा बुडबुडे वाढवा.

बर्फ थेट टाकू नका. तासाभरात पाच अंश उतरले तर मासे गरमीने नाही, त्या धक्क्याने आजारी पडतील. मे महिन्यात खाणं निम्मं करा आणि माशांची संख्या वाढवू नका.

लाईट गेली तर?

एका मे महिन्यात दुपारी दीडला लाईट गेली ती साडेसहाला आली. चारच्या सुमाराला सगळे मासे वर तोंड काढून पाण्याची कातडी चोखत असल्यासारखे उभे. मग मी स्टुलावर बसून तांब्याने पाणी काढायचं आणि फूटभर उंचीवरून परत ओतायचं, असं दर दहा मिनिटांनी पाच-सहा तांबे चालू ठेवलं. बायकोने टॉवेल ओला करून काचेभोवती गुंडाळला. आपले सोलापुरी टॉवेल पाणी धरून ठेवतात, हा त्यांचा एक न सांगितलेला उपयोग. एक मोली सोडून सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला. इन्व्हर्टर असेल तर पंपाची पिन त्या लाईनवर घ्या, ओढतो फक्त तीन-चार वॅट.

हीटर लागतो का?

बहुतेक घरांत नाही. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, पहाटे पाणी २० च्या खाली जात असेल तर ५० वॅटचा पुरेल. आधी थर्मामीटर घ्या, मग हीटरचं ठरवा.

वीजबिल किती वाढेल?

आठ वॅटचा फिल्टर दिवसरात्र, दहा वॅटचा एलईडी आठ तास: महिन्याला आठ युनिट. फिल्टर रात्री बंद करून वाचवायला जाऊ नका. का, ते पुढच्याच उत्तरात.

टाकी भरली, फिल्टर लावला. मासे उद्या आणू?

नाही. आणि तुमच्या पुतण्याने कितीही हट्ट धरला तरी नाही.

मासे मलातून आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. तो विषारी. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत हे जीवाणू नसतात. दह्याला विरजण लागतं तसं. फरक एवढाच, की हे विरजण लागायला चार ते सहा आठवडे घेतं.

आपल्याकडे घाई जास्त महागात पडते, त्याला कारण आहे. अमोनियाचा किती भाग खरा जहाल, हे पाण्याच्या पीएचवर (पाणी आम्लाकडे की क्षाराकडे झुकलंय ते सांगणारा आकडा) आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का, पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांवर. आपलं जड पाणी बहुधा आठाकडे झुकलेलं असतं, शिवाय गरम.

म्हणून रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून दर दोन दिवसांनी माशांच्या खाण्याचे चिमूटभर दाणे टाका, ते कुजून अमोनिया देतात. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरात ठेवा. ओला ठेवूनच आणायचा, त्याच दिवशी. नंतर तपासणीच्या थेंबांच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे आणा, तेही पहिल्यांदा चार-पाचच.

हे जीवाणू प्राणवायूवर जगतात. फिल्टर रात्रभर बंद राहिला तर ते मरायला लागतात. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने मरतात. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा.

मग मासे कोणते?

बोअरचं जड पाणी असेल तर डोळे झाकून गप्पी. हो, तेच गप्पी, जे डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात. नाव ऐकून लोक नाक मुरडतात. पण तो मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदाद बेटाचा. तिथून नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून त्याला १८६६ मध्ये नाव पडलं. दुकानातल्या रंगीत शेपटीवाल्या जाती त्याच माशापासून वाढवलेल्या. फक्त नर घ्या. मादी दर चार आठवड्यांनी पिल्लं देते आणि एकदा नर भेटला की पुढचे काही महिने नराशिवायही देत राहते. एका जोडीची सहा महिन्यांत पलटण होते आणि मग तुम्ही प्रत्येक पाहुण्याला पिशवी भरून द्यायला लागता.

मोली उत्तम, पण खादाड आणि घाण करणारी. एक जोडी पुरे.

नळाचं, मध्यम पाणी असेल तर झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब बघा. दोन्ही आपल्याच देशातले, काटक. पण फार उकाडा त्यांनाही आवडत नाही, तेव्हा पंखा हवाच. झेब्रा सहाच्या खाली घेऊ नका, एकटादुकटा बिथरतो.

उन्हाळ्याच्या बाबतीत माझा सगळ्यात भरवशाचा मासा ड्वार्फ गुरामी. हा गंगेच्या खोऱ्यातला. त्याला वरची हवा थेट श्वासात घेणारं अंग असतं, त्यामुळे लाईट गेलेल्या दुपारी तो सगळ्यात शेवटी घाबरतो. बेट्टालाही, म्हणजे दुकानातल्या फायटर माशालाही, तेच अंग आहे. म्हणून दुकानात तो चहाच्या ग्लासाएवढ्या बाटलीत तग धरतो, आणि म्हणून लोकांना वाटतं की त्याला तेवढीच जागा लागते. नर बेट्टाला किमान पंधरा-वीस लिटर द्या. दोन नर एकत्र कधीच नाही.

गोल्डफिश का नाही? सगळे तर तेच ठेवतात.

मीही ठेवले होते. पहिल्या टाकीच्या वेळी दुकानदार म्हणाला, "काही होत नाही, घेऊन जावा की ओ," आणि मी फूटभराच्या टाकीत आठ घेतले. नवव्या दिवशी एकही नव्हता. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा, त्याला २० च्या आसपास बरं वाटतं. तो वीतभर वाढतो आणि घाण प्रचंड करतो. त्याला चार फुटी टाकी आणि मे महिन्यात एसीची खोली देणार असाल तर जरूर आणा.

काच साफ करायला एक सकर टाकू का? आणि ते छोटे शार्क?

सकर काच साफ करतो लहानपणी. मोठा झाला की हात-दीड हात होतो आणि स्वतःच सगळ्यात जास्त घाण करतो. मग लोक त्याला तळ्यात किंवा नदीत सोडून येतात. देशातल्या कितीतरी तळ्यांत असा सुटलेला सकर माजला आहे. दगडी अंगाचा, कोण खाणार त्याला? कृपा करून सिद्धेश्वर तलावात नाही, कंबर तलावात नाही, विहिरीतही नाही. गप्पीसुद्धा नाही. नको असेल तर दुकानात परत द्या.

आणि तो ऐटबाज "शार्क" म्हणजे मासळी बाजारात मिळणारा पंगस. मीटरभर वाढणारा.

वास्तूसाठी अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न?

वास्तूचं मला कळत नाही. सिल्व्हर अरोवाना अडीच-तीन फूट होतो, फ्लॉवरहॉर्न दुसरा मासा जगू देत नाही. दोन फुटी टाकीत दोघांचीही भरभराट व्हायची नाही.

दोन फुटांत एकूण किती मासे?

सात ते दहा लहान. उदाहरणार्थ, सहा नर गप्पी आणि एक ड्वार्फ गुरामी. गुरामी एखाद्या गप्पीची शेपटी कुरतडायला लागला तर वेगळा करावा लागतो. दुकानात उभं असताना बरोबरचा मित्र "टाक की बे अजून दोन" म्हणणारच. त्याला गाडीपाशी उभं करून जा.

पिशवी घरी आणली की वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग पिशवीत थोडं थोडं टाकीचं पाणी अर्धा तास घालत राहा. जाळीने मासे सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या.

खडे आणि झाडं?

दगड नदीतून उचललेला असेल तर त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर चुनखडी, बाजूला ठेवा. आपला काळा खडक चालतो. संगमरवरी पांढरे खडे दिसतात छान, पण जड पाण्यात आणखी चुना घालतात. झाडं: हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि जावा फर्न. नीलमोहर रंगाची प्लॅस्टिकची झाडं ज्याची त्याची आवड.

खाणं किती?

दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास, आमच्याकडे माशांचा सोमवार असतो. पोळी, ब्रेड, चुरमुरे नाही.

मासे आजारी दिसले तर निळं औषध टाकू?

आधी पाव टाकी पाणी बदला, अमोनिया तपासा. दहापैकी आठ वेळा दुखणं पाण्यात असतं. ते निळं औषध, मेथिलीन ब्लू, फिल्टरमधल्या जीवाणूंचंही नुकसान करतं. द्यायचंच तर आजारी मासा वेगळ्या बादलीत घेऊन द्या.

आठवडाभर गावाला जायचंय. काय करू?

काहीच नाही. धडधाकट मोठे मासे आठवडाभर खाण्याशिवाय मजेत राहतात. जायच्या आदल्या दिवशी पाणी बदला आणि फिल्टर चालू ठेवून जा. शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा देऊन जाऊ नका. अगदीच राहवत नसेल तर कागदाच्या तीन पुड्या बांधा, वर वार लिहा आणि डबा कुलपात ठेवा. आमच्या शेजारच्या काकूंनी मंगळवार, गुरुवार, शनिवार अशा तिन्ही पुड्या मंगळवारीच सोडल्या होत्या. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मी आले की सगळे काचेपाशी धावत येत होते हो, उपाशी दिसले."